रुमाल टाकून धरलेली जागा

माणूस माणसावर आदळल्याचा आवाज टीव्हीवर कळत नाही. मैदानाच्या कडेला बसलं की कळतो. आधी थप्पकन मांसावर मांस आपटतं आणि मग छातीतली हवा तोंडावाटे बाहेर पडते, ती ऐकू येते. मला तो आवाज आवडतो. खेळातलं कौशल्य, डावपेच वगैरे सभ्य गप्पा मी मारणार नाही. आठवडाभर ऑफिसात दात आवळून 'नो वरीज, नो वरीज' म्हणत बसलं की शनिवार-रविवारी शंभर किलोचा गडी धावत येऊन दुसऱ्याच्या बरगड्यांत घुसलेला बघावासा वाटतो. बायको म्हणते, लग्नाआधी हे कळलं असतं तर तिने चहापोह्यांनंतर निरोपच पाठवला नसता.

आम्ही सिडनीच्या पश्चिमेला, क्वेकर्स हिलमध्ये राहतो. इकडे रग्बी लीग म्हणजे घरचा खेळ. आमच्या भागाची टीम वर्षानुवर्षं मार खात आलेली, आणि मी ऑफिसातल्या एकाच्या नादाने तिच्या मागे लागलो, ते लागलोच. माझ्या मागोमाग धाकटा भाऊ. तो पुण्याहून कंपनीच्या व्हिसावर आला, आमच्याच घरात मागच्या खोलीत राहिला, आणि त्याला पहिल्याच मॅचला चटक लागली.

बाबांना मात्र काही शिकवावं लागलं नाही. ते तरुणपणी पिंपरीच्या एका कारखान्याच्या संघातून कबड्डी खेळायचे. डाव्या कोपऱ्यात उभे राहायचे आणि चढाईला आलेल्याचा घोटा धरायचे, एवढंच त्यांचं काम. त्या पकडीने त्यांनी पुष्कळांची तोंडं मातीत घातली आणि शेवटी कोणीतरी त्यांच्या गुडघ्यावर पडून त्यांचा खेळ संपवला. आई गेल्यावर ते दरवर्षी इकडच्या हिवाळ्यात आमच्याकडे यायला लागले. पहिल्या मॅचला मी त्यांना समजावत होतो की सहा वेळा खाली पाडलं की बॉल समोरच्यांना द्यायचा, वगैरे. त्यांनी थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाले, "कबड्डीच की रे. बॉल उगाच घेतलाय." मग ते पुढे वाकून बसले ते मॅच संपेपर्यंत.

तेव्हा जुनं ग्राउंड होतं. एका बाजूला पत्र्याचं स्टँड, बाकी तिन्ही बाजूंना गवताचा उतार. त्याला सगळे हिल म्हणायचे. हिलवर सीट नंबर नव्हते. लवकर जायचं, सतरंजी अंथरायची, डबा उघडायचा. बाबा सतरंजीच्या दोन्ही कडांना एकेक रुमाल टाकून ठेवायचे, मागून येणाऱ्या धाकट्यासाठी आणि माझ्या बायकोसाठी. एसटीच्या खिडकीतून आत रुमाल टाकला की सीट आपली, हा कायदा त्यांच्या अंगात इतका मुरलेला की तो सिडनीत चालतो का, असा प्रश्नच त्यांना पडला नाही. आणि चालायचाही. टीम हरत असल्यामुळे हिलवर जागाच जागा असायची. येणारे लोक ठरलेले, त्यांच्या जागा ठरलेल्या. रुमाल बघून ते वळसा घालून जायचे, वर 'हाउ यू गोइंग, मेट' म्हणायचे.

मारामाऱ्या हिलवर व्हायच्या, नाही असं नाही. एकदा समोरच्या टीमच्या माणसाने आमच्यातल्या एकाच्या कपाळावर कॅन फोडला होता. तो रक्ताने माखलेला माणूस त्याच्यावर बसून त्याला बुकलत होता आणि आजूबाजूचे लोक पाय आवरून मॅच बघत होते. पुढच्या हाफमध्ये दोघं एकाच कुंपणाला टेकून बिअर पीत उभे. पोलिस नाही, कॅमेरा नाही, तक्रार नाही. लागलेला मार ज्याचा त्याने घरी न्यायचा.

मग ते ग्राउंड पाडलं. टीम दोन सीझन दुसरीकडे भाड्याच्या मैदानावर खेळली आणि आमच्या घरात वाद सुरू झाला. नवीन स्टेडियम झालं की लोक येतील का? बायको म्हणायची, येतील, आधी बायकांसाठी धड टॉयलेट बांधा. धाकटा म्हणायचा, "दादा, टॉयलेटसाठी कोणी मॅचला येत नाही. जिंकायला लागा, लोक चिखलातपण उभे राहतील." मला वाटायचं, दोघंही अर्धंच बोलतायत. बाबा सोफ्यावरून म्हणाले, "लोक कोणाला तरी पडताना बघायला येतात. बसायला चांगलं असलं तर बायकोला घेऊन येतात." मला हे अजूनही पटतं.

स्टेडियम उघडलं तेव्हा सगळं पश्चिम सिडनी लोटलं. लोक मैदानाकडे पाठ करून स्वतःचे फोटो काढत होते. छप्पर, मोठे स्क्रीन, कप ठेवायला सीटला गोल खाच. पण टीम तीच. सलग हरली. बघता बघता गर्दी ओसरली आणि जूनच्या थंडीत रांगाच्या रांगा रिकाम्या प्लास्टिकच्या दिसायला लागल्या. त्या वर्षी बाबा आले, त्यांनी खिशातून रुमाल काढले आणि शेजारच्या दोन सीटांवर पसरले. मी म्हटलं, "बाबा, इथे नंबर असतात." ते म्हणाले, "असू देत. कोण येतंय?" कोणीच आलं नाही. सबंध हिवाळा आम्ही स्वस्तातली तिकिटं काढून चांगल्या सीटांवर बसलो. बाबांचा कायदा नव्या स्टेडियममध्येही लागू झाला.

त्याच्या पुढच्या वर्षी टीम जिंकायला लागली. कशी, ते मला विचारू नका. नवा कोच होता, दोन तरुण फॉरवर्ड होते, त्यातला एक तर डोकं खाली घालून भिंतीत घुसावं तसा घुसायचा. समोरचे गडी त्याला अडवायच्या आधी डोळे मिटायचे, हे मी स्क्रीनवर पाहिलंय. रक्त यायचं, खेळाडू बाहेर जायचा, टाके घालून परत यायचा आणि सगळं स्टेडियम उभं राहून किंचाळायचं. आता लोकांना छप्परही होतं आणि विजयही. तिकिटं मिळेनात. हिलच्या काळात कधी न पाहिलेली माणसं नवीकोरी जर्सी घालून आम्हाला टीमचा इतिहास सांगायला लागली. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

त्याच हिवाळ्यात धाकट्याची पीआरची, म्हणजे इथे कायमचं राहण्याच्या परवान्याची, फाइल सरकारकडे पडलेली होती. पुण्यातलं स्वतःचं घर विकून, वयाची सगळी उमेद इथे ओतून तो त्या एका ईमेलची वाट बघत होता. पोलिस केस, मग ती कसलीही असो, झाली असती तर फाइल संपली असती. हे आम्ही सगळे धरून चाललो होतो. धाकटा गाडी चालवतानासुद्धा पिवळा दिवा लागला की थांबायचा आणि मागच्यांच्या शिव्या खायचा.

ती रविवारची आर्वोची, म्हणजे इकडच्या भाषेत दुपारची, मॅच होती. तिकिटं उशिरा काढल्यामुळे आमच्या चार सीटा फुटल्या होत्या, दोन एकत्र आणि दोन पार वरच्या टोकाला. बाबा आणि मी आधी पोचलो. धाकटा माझ्या बायकोला घेऊन पार्किंग शोधत होता. मॅच सुरू झाली तरी आमच्या पलीकडच्या, पायऱ्यांना लागून असलेल्या दोन सीटा रिकाम्याच होत्या. बाबांनी रुमाल काढले. मी काही बोलेपर्यंत दोन्ही पसरून झाले होते. निळ्या काठांचे, घडीच्या रेघा दिसणारे पांढरे रुमाल. मी म्हटलं, "बाबा, उचला. आज फुल आहे." ते म्हणाले, "येईपर्यंत राहू दे."

ते आले. दोघं होते, हातात बिअरचे ट्रे. पुढचा लाल दाढीचा, मानेवर टॅटू, खांदे दोन सीटांएवढे. त्याने रुमालाकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं. बाबा तळहात दाखवून म्हणाले, "रिझर्व्ह. फॅमिली कमिंग." मी उभा राहिलो, म्हटलं, "सॉरी मेट, युअर सीट्स, ही डझंट नो." एवढ्यावर मिटायला हरकत नव्हती. पण त्याच्या ट्रेमधली बिअर सीटवर सांडली. त्याने एक रुमाल उचलला, सीट पुसली, मग बूट पुसला आणि तो ओला बोळा बाबांच्या मांडीवर टाकला. मागच्या रांगेतले नवीन जर्सीवाले हसले.

बाबा उठायला लागले. त्याने छातीवर हात ठेवून त्यांना परत खाली ढकललं. "सिट डाउन, ग्रँडपा." बाबांचं डोकं मागच्या सीटवर आपटलं, आणि माझं सटकलं. मी त्याची कॉलर धरली. त्याच्या मित्राने माझ्या कानाखाली असा जाळ काढला की मला मैदान तिरपं दिसलं. मी सीटांच्या मधल्या फटीत पडलो आणि तो मित्र माझ्यावर पडला. त्याचा गुडघा माझ्या पोटात, त्याची कोपर माझ्या नाकावर, तोंडात रक्ताची खारट चव. तेवढ्यात वरून धाकट्याचा आवाज आला. एवढी इरसाल शिवी त्याने घरात कधी दिली नव्हती. पायऱ्या उतरत आला आणि लाल दाढीवाल्याच्या तोंडावर त्याने ठोसा लगावला. दुसरा लगावला. तो माणूस हलला नाही. तोंडातलं रक्त थुंकला, पायरीवर एक पाऊल मागे घेतलं आणि हात मागे नेला. तो हात धाकट्यावर पडला असता तर त्याचा जबडा गेला असता, यात मला शंका नाही.

माझा गाल जमिनीला चिकटलेला होता, त्यामुळे मला सीटांखालचं दिसत होतं. मला बाबांचे दोन्ही हात दिसले. ते सीटवरून खाली गुडघ्यांवर आले होते. पायरीवरच्या त्या बुटाच्या वर, घोट्यावर, त्यांचे हात साखळीसारखे बसले, एक पुढून, एक मागून. मग त्यांनी अंग मागे टाकून ओढलं.

तो माणूस तोंडावर गेला. काँक्रीटच्या पायऱ्यांच्या कडांवरून खाली, लोखंडी कठड्यापर्यंत. नेमक्या त्याच क्षणी आमच्या टीमने बॉल रेषेपलीकडे टेकवून गुण घेतले आणि सगळं स्टेडियम उसळलं. एवढ्या गर्जनेत त्याचा जबडा फुटल्याचा आवाज कोणालाच ऐकू आला नाही. मला आला, कारण मी जमिनीवर होतो. लोक उड्या मारत होते आणि त्यांच्या पायांमधून रक्त एकेक पायरी खाली चाललं होतं.

जुन्या ग्राउंडवर हे तिथेच संपलं असतं, असं मी म्हणत नाही. त्या माणसाचं खरंच वाईट झालं होतं. जबडा दोन ठिकाणी मोडला, गळपट्टीचं हाड गेलं, दात पायरीवर सापडले. पण नव्या स्टेडियममध्ये प्रत्येक रांगेवर कॅमेरा होता आणि कॅमेऱ्याने वरून जे दिसतं ते टिपलं. दोन ठोसे मारणारा तरुण, मागे सरकणारा माणूस, पडलेला माणूस. सीटांच्या पाठीमागे वाकलेला म्हातारा त्यात नव्हता. धाकट्याला तिथेच बेड्या घातल्या. तो माझ्या बायकोला एवढंच म्हणाला, "वहिनी, बाबांना घरी न्या." त्याच्यावर गंभीर दुखापतीचा आरोप लागला आणि दुसऱ्या दिवशी जामिनावर घरी आला तेव्हा त्याचं तोंड राखेसारखं झालं होतं.

घरात बोलणं बंद झालं. बाबांना माहीत होतं की मी पाहिलंय. मला माहीत होतं की त्यांना माहीत आहे. मी तोंड उघडलं तर बाप जातो, मिटलं तर भाऊ. मी गप्प राहिलो, आणि आजही कोणी विचारलं तर सांगेन की ते ठरवणं माझं काम नव्हतं. भांडी आपटत होतो, दारं आपटत होतो. रेलिंगजवळचं कुंडीतलं तुळशीचं रोप मी रागाने लाथ मारून खाली पाडलं, म्हणून बायको माझ्याशी बोलेना. धाकटा मागच्या खोलीत पडून होता. वकील फोनवर म्हणाली होती की गुन्हा शाबित झाला तर पीआर विसरा, इथे राहणंही अवघड.

बुधवारी सकाळी धाकटा कामावर गेल्यावर बाबा इस्त्रीचा शर्ट घालून हॉलमध्ये आले. "गाडी काढ," म्हणाले. कुठे, ते मी विचारलं नाही.

पोलिस स्टेशनवर एक तरुण कॉन्स्टेबल भेटला, चांगला होता, हसरा. भाषेसाठी त्याने फोनवर एक दुभाषी बाई लावून दिली. बाबांनी सगळं सांगितलं. मी पाडलं, माझ्या मुलाने नाही, त्याचे दोन ठोसे लागले पण तो माणूस उभाच होता. बाईने ते इंग्रजीत सांगितलं. कॉन्स्टेबलने बाबांकडे पाहिलं. पांढरे केस, गुडघ्याला पट्टा, बनियनच्या बाह्या शर्टातून दिसतायत. त्याला दया आली असावी. तो मला म्हणाला, "मेट, आय गेट इट. एनी डॅड वुड." म्हणजे म्हातारा पोराला वाचवायला खोटं बोलतोय, असं त्याने ठरवून टाकलं होतं.

बाबांना इंग्रजी फारसं येत नाही, पण हे कळलं. ते मला म्हणाले, "उभा राहा. त्या टेबलापाशी. एक पाय मागे घे." मी म्हटलं, "बाबा, नको." "उभा राहा म्हटलं ना!" मी राहिलो. ते खुर्चीवरून खाली गुडघ्यांवर आले, वाईट गुडघा पट्ट्यासकट फरशीवर आपटला, त्यांनी ओठ चावला. माझ्या घोट्यावर ते हात बसले. मी मोठा माणूस आहे, जिमला जातो. मला पाय सोडवता आला नाही. कॉन्स्टेबल 'सर, सर' म्हणत पुढे येईपर्यंत फरशी माझ्या हनुवटीवर आली आणि माझ्या पुढच्या दाताचा तुकडा जिभेवर आला. फोनमधून बाई विचारत होती, हॅलो, काय झालं, काय झालं? बाबा धापा टाकत फरशीवर बसले होते. म्हणाले, "आता त्याला म्हणावं, लिही." कॉन्स्टेबलचं हसू गेलं होतं. त्याने लिहिलं.

या सगळ्याचं पुढे काय झालं ते सांगून टाकतो. धाकट्यावरचा मोठा आरोप गेला. दोन ठोशांबद्दल कोर्टाने त्याला समज देऊन सोडलं, गुन्हा न नोंदवता. पुष्कळ उशिराने, पण पीआर आली. बाबांवर गुन्हा नोंदला गेला. वय आणि स्वतःहून आल्याचं बघून कोर्टाने तुरुंग टाळला, ते परत गेले, आणि त्यानंतर त्यांचा व्हिजिटर व्हिसा नाकारला गेला. पुन्हा अर्ज केला, पुन्हा नाकारला. टीम आता परत हरायला लागली आहे. छप्पर, स्क्रीन, खाचा सगळं आहे आणि अर्धं स्टेडियम रिकामं असतं. नव्या जर्सीवाले कुठे गेले कोण जाणे.

पण त्या बुधवारची संध्याकाळ माझ्या डोक्यातून जात नाही. धाकटा कामावरून आला. मी गॅरेजमध्ये त्याला सांगितलं की झालं, बाबांनी स्टेटमेंट दिलं, तू सुटलास. मला वाटलं, तो माझ्या गळ्यात पडेल. त्याने मला दोन्ही हातांनी धरून भिंतीवर आदळलं. शेल्फवरचे रंगाचे डबे खाली आले.

"तू नेलंस त्यांना? तू?"

"ते म्हणाले गाडी काढ!"

"आणि तू काढलीस? दादा, मला माहीत होतं रे! माझ्या हाताला कळत नाही का? मी तिसरा पंच मारलाच नव्हता. मी घेतलं होतं ना माझ्यावर? त्यांना परत कधी येऊ देणार नाहीत, कळतंय का तुला?"

त्याने माझ्या तोंडावर ठोसा मारला, आधीच फुटलेल्या ओठावर. मग मीही मारला. आम्ही दोघं चाळिशीकडे झुकलेले, ऑफिसचे शर्ट घातलेले, फरशीवर लोळत एकमेकांना मारत होतो आणि तो रडत होता, मारताना रडत होता. माझा राग कशावर होता मला सांगता येणार नाही. त्याच्यावर नव्हता. तरी मी त्याचे केस धरून डोकं खाली दाबत होतो.

दारात बाबा येऊन उभे राहिले. आत आले, दुखरा पाय ओढत, आणि आम्हा दोघांच्या मध्ये खाली बसले, म्हणजे कोणाला कोणावर हात टाकता येईना. त्यांनी धाकट्याचं नाक शर्टाच्या बाहीने पुसलं.

"तुला इथे राहायचंय," ते म्हणाले. "मला काय करायचंय इथे येऊन? थंडी, भाषा येत नाही, दिवसभर घरात एकटा. मला तर कंटाळाच आला होता. तसाही मी पुढच्या वर्षी येणार नव्हतो."

धाकट्याला ते खरं वाटलं, की त्याने मानून घेतलं, माहीत नाही. तो शांत झाला. मी मान दुसरीकडे वळवली. ती मॅच व्हायच्या दोनच दिवस आधी बाबांनी मला विचारलं होतं की पुढच्या सीझनच्या मेंबरशिपा कधी निघतात, आणि आता टीम जिंकतेय तर गर्दी होईल, तेव्हा त्यांची सीट आत्ताच सांगून ठेवता येईल का, पायऱ्यांच्या कडेची, पाय लांब करता येईल अशी.